गुडघा ओरडतोय, पण टाच काय म्हणतेय?

भरतीसाठी पळताय, बैठका मारताय आणि आता गुडघा दुखायला लागलाय? बैठका बंद करायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पायात काय घातलंय? आणि खाली बसताना टाच कुठं जातेय?

पहाटेचे पाच वाजलेले. बुलढाण्याहून भोकरदनकडं निघालं की वाटेत लागणारं धाड. विदर्भ इथं संपत येतो, पुढं जालना जिल्हा. गाव अजून झोपेत असतं, टपऱ्या बंद असतात. आणि रस्त्याच्या कडेनं, मोबाइलच्या उजेडात चार-सहा पोरं पळत असतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला फौजेत जायचंय. पळून झालं की मोकळ्या जागेत बैठका सुरू. पन्नास, शंभर, दीडशे.

त्यातलाच एखादा मध्येच थांबतो. गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवून उभा राहतो.

‘काऊन रे, थांबला काऊन?’

‘गुडघा दुखून राह्यला ना.’

‘मंग बैठका सोड. बैठकांनीच गुडघे जातात.’

दुसरा म्हणतो, ‘गुडघा बोटाच्या पुढं जाऊ देऊ नको, मंग नाही दुखत.’

तिसरा म्हणतो, ‘चांगले महागाचे बूट घेऊन टाक.’

हे तीन सल्ले तुम्हीही ऐकले असतील. धाडला ऐकले असतील, नाहीतर चिखलीला, नाहीतर पुण्याच्या एखाद्या एसी जिममध्ये. तिन्हीत थोडं खरं आहे आणि बरंचसं अर्धवट. पण ज्याचा गुडघा दुखतोय, त्याला अर्धवट सल्ला परवडणारा नाही. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ गुणांचं आणि गोळाफेक १५ गुणांची. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. या पन्नासातले निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेपर्यंत पोचताच येत नाही. वर वयाची मर्यादा. जाहिरात कधी निघेल ते कुणाला ठाऊक नसतं आणि निघाली की दोन-तीन महिन्यांत सगळं अंगात भरायचं असतं. नेमकं तेव्हाच गुडघा बोलायला लागतो.

म्हणून जरा थांबा, आणि खाली बघा. पायाकडं.

बांधावरच्या म्हाताऱ्याला कसं जमतं?

शेताच्या बांधावर उकिडवा बसून तंबाखू मळणारा म्हातारा आठवा. दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकलेले, टाचांसकट. गुडघे बोटांच्या कितीतरी पुढं गेलेले. पायात एक तर काही नाही, नाहीतर पातळ चप्पल. तो तसाच दहा मिनिटं गप्पा मारतो आणि हात न टेकता उठतो.

आता तुम्ही तसं बसून बघा. आत्ता, पेपर बाजूला ठेवून. तुमच्यापैकी अनेकांची टाच उचलली जाईल. जबरदस्तीनं टेकवली तर मागं पडायला होईल.

फरक आहे घोट्यात. खाली बसताना नडगी पुढं झुकावी लागते आणि त्यासाठी घोटा वाकावा लागतो. म्हाताऱ्यानं आयुष्यभर उकिडवं बसून तो मोकळा ठेवलाय. आपण बाकावर बसलो, खुर्चीवर बसलो, मोटरसायकलवर बसलो. त्यात रोज पळून पळून पोटऱ्या आखडल्या आणि ताणायच्या मात्र राहून गेल्या.

घोटा वाकत नसेल तर शरीर काहीतरी पळवाट काढतं. एक तर टाच उचलते आणि सगळा भार चवड्यावर आणि गुडघ्याच्या पुढच्या भागावर येतो. नाहीतर तळव्याची कमान आत बसते आणि गुडघे एकमेकांकडं झुकतात. नाहीतर पाठ पुढं वाकते आणि कंबर धरते. म्हणजे दुखणं वर दिसतं, पण अडचण खाली असते.

तुमचा घोटा किती मोकळा आहे, हे एका मिनिटात कळतं. अनवाणी पायानं भिंतीकडं तोंड करून उभे राहा. एका पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटरवर ठेवा, म्हणजे जवळपास अर्धी वीत. आता टाच न उचलता तोच गुडघा भिंतीला लावा. लागला तर घोटा ठीक आहे. नाही लागला, किंवा एका पायाचा लागला आणि दुसऱ्याचा नाही, तर काम कुठं करायचंय ते तुम्हाला कळलं.

‘गुडघा बोटांच्या पुढं नको’ हे आलं कुठून?

बैठकांची भीती आपल्याकडचीच नाही. १९६१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी लिहिलं, की पूर्ण खाली बसण्याच्या व्यायामानं गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात. ते इतकं पसरलं की शाळा, सैन्य आणि खेळांचे प्रशिक्षक खोल बैठकांना घाबरायला लागले. पुढं इतर संशोधकांनी तपासून पाहिलं तेव्हा निरोगी गुडघ्यात तसं काही दिसलं नाही. पण भीती एकदा बसली की जात नाही. ती ‘अर्धंच बसा’, ‘गुडघा बोटांच्या पुढं नेऊ नका’ अशा नियमांच्या रूपानं राहिली.

२००३ साली एक साधा, पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन घेऊन बैठका मारायची सवय असलेल्या सात पुरुषांना खांद्यावर स्वतःच्या वजनाइतकं वजन देऊन बैठका मारायला लावल्या. आधी नेहमीसारख्या. मग गुडघ्यांपुढं लाकडी फळी उभी करून, म्हणजे गुडघा बोटांच्या पुढं जाऊच नये. काय झालं? गुडघ्यावरचा पिळाचा जोर १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आला. म्हणजे कमी झाला, खरंच. पण खुब्यावरचा जोर २८ वरून ३०२ वर गेला. दहापटीहून जास्त! पाठही जास्त पुढं झुकली.

अर्थ सरळ आहे. भार कुठं गायब होत नाही, तो जागा बदलतो. गुडघा वाचवायला गेलात तर तो खुब्यावर आणि कमरेवर जातो. गुडघा दुखत असताना काही दिवस असा भार मागं ढकलणं कामाचं असू शकतं. पण आयुष्यभराचा नियम म्हणून ‘गुडघा पुढं नकोच’ हे चूक आहे. जिना उतरताना, बसमधून उतरताना, बांधावर बसताना गुडघा पुढं जाणारच. त्याला त्याची सवय हवी.

सांगलीचा संकेत सरगर आठवतो का? २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात त्यानं रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये त्यानं ११३ किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. हा प्रकार करताना खेळाडू वजन डोक्यावर धरून पार खाली बसतो, गुडघे बोटांच्या पुढं जातात आणि तिथून तो उठतो. त्या दिवशी संकेतला दुखापत झाली, पण कोपराला. मात्र त्यामागं वर्षानुवर्षांची तयारी असते, आणि पायात त्या कामासाठीच बनवलेले बूट असतात.

पायात काय घालता?

आता बुटांकडं येऊ. बहुतेकांकडं एकच जोड असतो, पळायचा. त्यावरच पळणं, त्यावरच बैठका, त्यावरच कॉलेज आणि त्यावरच लग्नाची वरात.

पळायचा बूट पळण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या टाचेखाली मऊ फोमची जाड गादी असते, पाऊल आपटताना बसणारा धक्का झेलायला. टाच चवड्यापेक्षा थोडी उंचही असते, अनेकदा ८ ते १२ मिलिमीटर. पळताना हे सोयीचं. पण बैठक मारताना, त्यातून खांद्यावर गोणी किंवा वजन असताना, हीच गादी त्रास देते. ती दबते आणि दबताना सगळीकडून सारखी दबत नाही. गादीवर उभं राहून बैठका मारून बघा, पाय कसे डगमगतात ते कळेल. बुटात तेच होतं, फक्त थोडं कमी. पाय आत कलंडला की गुडघाही आत जातो.

बूट झिजलेला असेल तर आणखी वाईट. तुमचा बूट सपाट फरशीवर ठेवा आणि मागून बघा. टाच एका बाजूला झुकलीय का? सोल एकाच कडेनं घासलाय का? तसं असेल तर प्रत्येक बैठकीला तुम्ही उतारावर उभे राहताय.

मग महागाचे बूट घ्यायचे का? मुळीच गरज नाही. शाळेत पीटीच्या तासाला घालायचो ते पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात? पातळ, सपाट, कडक तळ. बैठकांना ते महागड्या रनिंग शूजपेक्षा बरे. किंवा सरळ अनवाणी. जमीन सपाट हवी, खडे-काटे-काचा नकोत आणि पायाला जखम नको, एवढं बघा. रबरी चपलेवर मात्र बैठका नको. ती पायाखालून सरकते आणि ती धरून ठेवायला बोटं आखडावी लागतात.

वेटलिफ्टिंगच्या बुटांचं काय? त्यांची टाच कडक आणि साधारण दीड ते दोन सेंटीमीटर उंच असते. ती दबत नाही, हा पहिला फायदा. टाच आधीच उंच असल्यानं घोटा कमी वाकला तरी चालतं, छाती ताठ राहते आणि कमरेवरचा ताण कमी होतो, हा दुसरा. जिममध्ये काही जण टाचेखाली वजनाची प्लेट ठेवतात, तेही याचसाठी. पण याची दुसरी बाजू दुकानदार सांगत नाही. टाच उंच झाली की गुडघा जास्त पुढं जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर, पर्यायानं वाटीवर, जास्त काम येतं. म्हणजे पुन्हा तोच हिशेब. भार कमरेवरून गुडघ्याकडं सरकला.

म्हणून साधा नियम असा. वाटीच्या आसपास दुखत असेल तर आधी सपाट, कडक तळाचा बूट किंवा अनवाणी पाय. घोटा खूपच आखडलेला असेल, बसताना कंबर वाकत असेल आणि गुडघा दुखत नसेल, तर टाचेखाली एक-दीड सेंटीमीटरची पक्की फळी घ्या आणि सोबत पोटरी मोकळी करायचं काम सुरू ठेवा. फळी म्हणजे कुबडी आहे. कायमची धरायची नाही.

आणि पळायला मात्र पळायचेच बूट. कॅनव्हासच्या बुटात डांबरी रस्त्यावर रोज पाच-सात किलोमीटर पळू नका. नाहीतर गुडघा सुटेल आणि नडगी धरेल.

तालमीतली बैठक वेगळी

इथं कुणी तरी म्हणणारच, ‘आमच्या तालमीत तर टाच उचलूनच बैठक मारतात!’

बरोबर आहे. आपली पारंपरिक बैठक चवड्यावर असते. खाली जाताना टाचा उचलतात, हात मागून पुढं येतात, लय पकडून ती चालते. पैलवान ती पिढ्यान् पिढ्या करत आलेत. पण ते लहान वयात तालमीत आले, अनवाणी पायानं आखाड्याच्या मातीत उतरले. दहा-वीस बैठकांपासून सुरुवात करून वर्षांमागून वर्षं आकडा वाढवत गेले. सोबत खुराक, मालिश आणि दुपारची झोप.

आपण काय करतो? वर्षभर काही नाही आणि जाहिरात निघाली की सिमेंटच्या ओट्यावर, झिजक्या रनिंग शूजवर, पहिल्याच आठवड्यात दोनशे. टाच उचललेल्या बैठकीत गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण जास्त येतो. तो झेलायची तयारी नसेल तर वाटी दुखणारच. दोष बैठकीला कशाला द्यायचा?

आधी टाच टेकवून बसायला शिका. ते वीस-पंचवीस वेळा न डगमगता आणि न दुखता जमलं की मग तालमीतली बैठक घ्या, दहापासून.

आरसा नको, मोबाइल लावा

आपण कसे बसतो हे आपल्याला दिसत नाही. मित्राला विचारलं तर तो म्हणतो, ‘भारी!’ म्हणून मोबाइल विटेला टेकवून ठेवा आणि दोन व्हिडिओ काढा. एक समोरून, एक बाजूनं. मग हे तपासा.

पाय खांद्याइतके फाकलेले आणि बोटं किंचित बाहेर वळलेली असावीत. तळव्याचे तीन बिंदू जमिनीला टेकलेले हवेत: अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेला. तिन्हींवर सारखं वजन.

समोरच्या व्हिडिओत गुडघा बघा. तो पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत खाली जातोय का आत पडतोय? उठताना बघायला विसरू नका. खूप जणांचे गुडघे खाली जाताना ठीक असतात आणि उठायला जोर लावला की एकमेकांकडं ओढले जातात. मुलींमध्ये हे जास्त दिसतं आणि वाटीभोवतीचं दुखणंही मुलींमध्ये जास्त आढळतं. त्यावर उपाय म्हणजे खुब्याच्या बाजूचे स्नायू मजबूत करणं. मुलींनी बैठका सोडणं नव्हे.

बाजूच्या व्हिडिओत टाच बघा. ज्या क्षणी टाच उचलते किंवा कंबर आत गोल होते, तिथंपर्यंतच तुमची आजची खोली. त्याखाली आज जायचं नाही. महिन्याभरानं पुन्हा व्हिडिओ काढा.

खाली जाताना मनात दोन-तीन अंक मोजा. धपकन खाली पडून उसळी मारत उठू नका. अंधारात, थंडीत, अंग गरम न करता सुरुवात करू नका. आणि जिममध्ये जात असाल तर अजून एक: अर्धवट बसून दुप्पट वजन चढवायचा मोह टाळा. अर्ध्या बैठकीत माणूस जास्त वजन उचलतो, त्यामुळं छाती फुगते. पण गुडघा ९० अंशांच्या आसपास असताना वाटीवरचा दाब भरपूर असतो आणि तिथंच आपण वजनाचा ढीग लावतो.

गुडघा बेरीज करतो

बूट बदलला, पद्धत सुधारली आणि तरी दुखतंय? मग वही काढा आणि आठवड्याचा हिशेब लिहा.

पळणं किती? बैठका किती? संध्याकाळी व्हॉलीबॉल नाहीतर कबड्डी? सुटीच्या दिवशी सोयाबीन सोंगायला गेलात का, कापूस वेचला का, मिरची तोडायला वाकलात का, पोती उचलली का? गुडघा यातलं काहीच वेगळं धरत नाही. त्याच्या वहीत सगळं एकाच खात्यावर पडतं. कोचनं दिलेला सराव ठीक असतो, पण कोचला तुमच्या शेतातलं काम माहीत नसतं. त्याला सांगा.

घरातल्या बायांचाही विचार करा. बैठका म्हणजे काही मिनिटांचा व्यायाम. पण निंदणीला तासन्‌तास उकिडवं बसून, वर ओझी उचलून वर्षानुवर्षं काम केलं तर गुडघ्याची झीज होण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलंय. आईचे गुडघे दुखत असतील तर ‘तू व्यायाम कर’ म्हणायच्या आधी तिला बसायला एक बुटका पाट किंवा स्टूल आणून द्या.

तुमच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा अचानक वाढलेला आकडा नडतो. मागच्या आठवड्यात ५० बैठका होत्या तर या आठवड्यात ६०. २०० नाही. पळणं वाढवलं त्या आठवड्यात बैठका आहेत तेवढ्याच ठेवा. दोन्ही एकदम वाढवू नका.

आणि एक गोष्ट बिलकुल करू नका. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून ती खाऊन मैदानावर जाणं. गोळीनं गुडघा बरा होत नाही, फक्त त्याचा आवाज बंद होतो. वर उपाशीपोटी, घाम गाळत, पाणी न पिता अशा गोळ्या सतत खाल्ल्या तर पोट आणि किडनीला त्रास होऊ शकतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून गुडघ्यात इंजेक्शन घेणं तर नकोच.

दुखतंय, पण सराव सोडायचा नाही. मग?

पूर्ण विश्रांती घेतली तर दुखणं थांबतं, पण स्नायू ढिले पडतात आणि परत मैदानावर गेलं की दुखणं परत येतं. वाटीभोवतीच्या दुखण्यावर मांडी आणि खुब्याचे व्यायाम हाच मुख्य उपचार मानला जातो. म्हणून बंद करू नका, कमी करा.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकंच वाटलं तर चालू ठेवा. तीनच्या वर गेलं किंवा सकाळी गुडघा जास्त धरला तर काल जास्त झालं, आज कमी करा.

सहा आठवडे एवढं करा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड.

* भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. न दुखेल एवढंच खाली. ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा.
* खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून उठणं, टाच टेकवून, सावकाश. १० चे तीन संच. सोपं वाटलं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल.
* एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय हळू खाली टेकवणं, गुडघा आत न पडू देता. प्रत्येक पायानं ८ चे तीन संच.
* पाठीवर झोपून, पाय दुमडून, कंबर वर उचलणं. १२ चे तीन संच.
* कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. प्रत्येक बाजूनं १२ चे दोन संच.
* पोटरी ताणणं रोज. भिंतीला हात टेकवून, मागचा पाय सरळ, टाच जमिनीला. ३० सेकंद, तीन वेळा.

या काळात पळणं निम्म्यावर आणा आणि उतारावर पळणं टाळा. गुडघा शांत राहिला की दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. बैठक मारताना गुडघा नुसता कटकट वाजत असेल, पण दुखत नसेल आणि सूज नसेल, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं.

डॉक्टरकडं कधी जायचं?

हे घरी बसून बरं होणारं नाही. यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर गाठा.

* गुडघ्याला सूज आली, लाल झाला, गरम लागतोय किंवा सोबत ताप आहे.
* खेळताना किंवा पडताना ‘टक्’ आवाज आला आणि लगेच सूज आली.
* गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही किंवा चालताना दगा देतो.
* रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखतं.
* पायावर वजनच टाकता येत नाही.
* सहा आठवडे नीट व्यायाम करूनही काहीच फरक नाही.

लहान भाऊ दहा ते पंधरा वर्षांचा असेल आणि त्याला वाटीच्या खाली, नडगीच्या सुरुवातीला टेंगूळ येऊन दुखत असेल, तर ते वाढीच्या वयातलं वेगळं दुखणं असू शकतं. त्याला आपल्यासोबत बैठका मारायला लावू नका, आधी दाखवून आणा. गावात सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभाग असतो. एक दिवसाचा सराव बुडेल, बुडू दे.

आता त्या पोराचं काय?

रस्त्याच्या कडेला वाटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या मित्राकडं परत जाऊ. उद्या पहाटे तो दिसला तर त्याला ‘बैठका सोड’ म्हणू नका. त्याला बूट काढायला सांगा, सपाट जागी उभं करा आणि हळू खाली बसायला लावा. तुम्ही बाजूला उभं राहून व्हिडिओ काढा. टाच उचलते का बघा, गुडघा आत पडतो का बघा. मग त्याला विचारा, मागच्या आठवड्यात किती मारल्या होत्या आणि या आठवड्यात किती.

आणि मग मोबाइल त्याच्या हातात द्या. आता खाली बसायची पाळी तुमची.